प्रतिसाद: छात्राध्यापकांचे ग्रुप

छात्राध्यापकांचे, म्हणजे शिक्षक व्हायचं शिक्षण घेणाऱ्यांचे, ग्रुप बंद करावेत असं या चर्चेत म्हटलं गेलंय. "हे ग्रुप म्हणजे पाठ टाचणांच्या पीडीएफचं गोदाम" (टाचण म्हणजे तास कसा घ्यायचा याचा लेखी आराखडा) हे कुणीतरी म्हटलंय ते बरंचसं खरं आहे. पण म्हणून ते बंदच करावेत, हे पटत नाही. एनसीटीईच्या (शिक्षक-प्रशिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या राष्ट्रीय परिषदेच्या) २०१४च्या नियमांनी डी.एल.एड. या प्राथमिक शिक्षक पदविकेची आंतरवासिता, म्हणजे प्रत्यक्ष शाळेत राहून करायचा सराव, किमान २० आठवड्यांची केली, त्यातले १६ दुसऱ्या वर्षी. त्या काळात हे छात्राध्यापक वेगवेगळ्या शाळांत विखुरलेले असतात. कॉलेजातले सर-मॅडम पाठनिरीक्षणाला येतात, शेरा लिहितात, निघून जातात. मग बोलायचं कुणाशी?

माझ्याकडच्या एका तुकडीने टाचणं टाकायचीच नाहीत असं ठरवलं. टाकायचा तो मुलांच्या वहीचा फोटो, नाव झाकून. एकीने ४०२ − १६८ = ३६६ असं गणित टाकलं. आधी सगळे म्हणाले, "हातचा चुकला." मग एकाने नीट पाहिलं: पोराने हातचा घेतलाच नव्हता, प्रत्येक स्थानी मोठ्यातून लहान अंक वजा केला होता! दुसऱ्या दिवशी आणखी दोघांना आपापल्या वर्गात तीच चूक सापडली. काड्यांचे गठ्ठे सोडवून हातचा कसा घ्यायचा ते दाखवायचं, हे तिथेच ठरलं. शून्यावर घोडं अडतं तेव्हा शंभराचा गठ्ठा आधी दहा-दहात सोडवावा लागतो, हे टाचणात कुणीच लिहिलं नव्हतं. आणि हो, गुण देणारे आम्ही त्या ग्रुपात नव्हतो. हे सगळं मला नंतर त्यांच्याकडूनच कळलं. आम्ही असतो तर तो फोटो कुणी टाकला असता असं मला तरी वाटत नाही.