फाशी, जन्मठेप आणि न्याय: सातारा-सांगलीकरांचे अनुभव

फाशीच्या शिक्षेविषयी मते पुष्कळ मांडली जातात; परंतु ज्यांच्या घरातील माणसाचा खून झाला, ज्यांनी आरोपीची बाजू न्यायालयात मांडली किंवा जन्मठेपेचे कैदी ज्यांचे शेजारी होते, त्यांना शिक्षेचा हेतू कोणता वाटतो, हे क्वचितच विचारले जाते. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील वाचकांनी आपले अनुभव येथे लिहावेत, ही विनंती.

खटाव तालुक्यातील एक भगिनी

माझ्या थोरल्या भावाचा खून शेताच्या बांधावरून झाला. आईने पहिल्या दिवसापासून फाशीच मागितली आणि त्याबद्दल तिला दोष देण्याचा अधिकार कोणालाही नव्हता, असे मला आजही वाटते. तरीही खटल्याच्या त्या वर्षांत तिच्या जिव्हारी लागल्या त्या गोष्टी निराळ्याच होत्या. तारखा पडत राहिल्या, शेजारचे साक्षीदार फितूर झाले आणि सरकारी वकील बदलले, तेव्हा घडलेले सगळे तिला पहिल्यापासून पुन्हा सांगावे लागले. अखेर जन्मठेप झाली. पुढे तो मनुष्य पॅरोलवर आल्याचे कोणीही आम्हांला कळवले नाही. वडूजच्या बाजारात तो अचानक आईच्या समोर आला. खटला सरकार चालवते हे मला समजते, पण गेलेला माणूस आमचा होता.

सांगलीतील एक वकील

सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली बचनसिंग खटल्यात फाशी वैध ठरवली, मात्र ती 'दुर्मिळातील दुर्मिळ' प्रकरणांपुरती राखली आणि गुन्ह्याबरोबरच गुन्हेगाराचाही विचार करण्यास सांगितले. मी कनिष्ठ वकील असताना पाहिलेल्या एका खटल्यात सकाळी दोष सिद्ध झाला आणि दुपारी शिक्षेवर युक्तिवाद झाला. आरोपीचे बालपण, मानसिक आरोग्य, तुरुंगातील वर्तन यांविषयी बचाव पक्षाकडे एक कागदही नव्हता. वय कमी आहे आणि घरी म्हातारे आईवडील आहेत, एवढेच सांगून वरिष्ठ खाली बसले. माणसाच्या जिवाचा निर्णय इतक्या तुटपुंज्या माहितीवर होऊ नये, असे मला तेव्हापासून वाटते. ही माहिती खटल्याच्या टप्प्यावरच मिळवावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली मनोज खटल्यात बजावले.

त्याच वर्षी कोल्हापूरच्या बालहत्याकांडातील दोन बहिणींची फाशी मुंबई उच्च न्यायालयाने जन्मठेपेत बदलली. शिक्षा २००१ सालची, सर्वोच्च न्यायालयाने ती २००६ साली कायम केलेली. पण दयेच्या अर्जाचा निकाल लागण्यात अवाजवी विलंब झाला होता.

आटपाडीजवळील एक निवृत्त शिक्षिका

औंध संस्थानाचे राजे पंतप्रतिनिधी यांनी पोलिश अभियंते मॉरिस फ्रिडमन यांच्या साहाय्याने १९३९ साली उभारलेली स्वतंत्रपूरची खुली वसाहत आमच्या गावाच्या जवळच आहे. तेथे कैदी, अगदी खुनाचे गुन्हेगारसुद्धा, कुटुंबासह राहून शेती करत आले आहेत. त्यांची मुले माझ्या वर्गात होती. एका मुलाचे वडील दर पालकसभेला येत आणि सगळ्यांत शेवटी, मुलाचा हात धरून, अभ्यासाची चौकशी करत. त्या मनुष्याने कोणाचा तरी जीव घेतला होता, हे मी विसरले नाही. परंतु त्याला फाशी झाली असती, तर त्या मुलाच्या वाट्याला बापाच्या गुन्ह्याशिवाय बापाचे दुसरे काहीच आले नसते.

कराडमधील एक वाचक

बाईंचा अनुभव मोलाचा आहे. तथापि बांधावरच्या भांडणात झालेला खून आणि लहान मुलीवर अत्याचार करून केलेला खून यांना एकाच मापाने मोजणे मला मान्य नाही. मी मुलीचा बाप आहे. काही कृत्यांना समाजाने अखेरचे उत्तर दिले पाहिजे, आणि ते सुधारणेसाठी नव्हे, केवळ कृत्याला साजेसे म्हणून.

खटावच्या भगिनी, पुन्हा

कराडच्या बंधूंशी मी वाद घालणार नाही. वकीलसाहेबांना मात्र विचारते: शिक्षा अपुरी वाटली, तर आमच्यासारख्यांना अपील करता येते का?

सांगलीतील वकील

ताई, त्या कारणासाठी नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेत २००९ साली लागू झालेल्या दुरुस्तीपासून पीडिताला आरोपीच्या निर्दोष सुटकेविरुद्ध, कमी गंभीर कलमाखालील दोषसिद्धीविरुद्ध किंवा अपुऱ्या भरपाईविरुद्ध अपील करता येते. शिक्षा कमी वाटल्यास अपील करण्याचा अधिकार सरकारकडे आहे. भरपाईसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे स्वतंत्र अर्ज करता येतो. आपल्या आईंनी तो केला होता का, हे कृपया कळवावे; राहिला असल्यास मुदतीचे काय करता येईल, ते मी पाहतो.