ल्युसिफर हे मुळात कोणाचं नाव?

ल्युसिफर म्हणजे सैतान, असं आपण सर्रास धरून चालतो. पण मुळात हे कोणाचं विशेषनामच नव्हतं. लॅटिनमध्ये 'लुक्स' म्हणजे प्रकाश आणि 'फेर्रे' म्हणजे वाहून आणणे; 'लुकिफेर' म्हणजे प्रकाश घेऊन येणारा. रोमन लोक पहाटेच्या शुक्राला असं म्हणत.

बायबलमध्ये सगळा घोळ यशया या संदेष्ट्याच्या ग्रंथातल्या 14व्या अध्यायाच्या 12व्या वचनापाशी होतो. तिथे मूळ हिब्रूत 'हेलेल बेन शाहार' आहे, म्हणजे झळाळणारा, पहाटेचा पुत्र. मराठी बायबलात त्याला 'प्रभातपुत्र' असा सुरेख शब्द आहे. ही हाक सैतान बनलेल्या कुणा पतित देवदूताला मारलेलीच नाही. त्याच अध्यायाचं चौथं वचन स्पष्ट सांगतं की हे कवन बाबेलच्या, म्हणजे बॅबिलोनच्या, राजाला उद्देशून आहे. आपलं सिंहासन देवाच्या ताऱ्यांहून उंच मांडायला निघालेला राजा थेट अधोलोकात जातो. शुक्राचं रूपक इथे किती चपखल बसतं पाहा! पहाटे तो सगळ्या ताऱ्यांत तेजस्वी, पण सूर्यापासून साधारण 47 अंशांपलीकडे कधीच सरकत नाही. मध्यरात्री माथ्यावर येणं त्याला शक्य नाही, आणि दिवस वर आला की तो दिसेनासा होतो.

जुन्या ग्रीक भाषांतरात इथे 'हेओस्फोरोस', म्हणजे पहाट आणणारा, असा शब्द होता. चौथ्या शतकाच्या अखेरीस संत जेरोमने बायबलच्या लॅटिन भाषांतरात 'लुकिफेर' लिहिलं. भाषांतर म्हणून ते अगदी बरोबर होतं. हे वचन सैतानाच्या पतनाशी मात्र त्याआधीच जोडलं गेलं होतं. तिसऱ्या शतकातला ख्रिस्ती विचारवंत ओरिजेन याच्या लेखनात ते दिसतं. लूकच्या शुभवर्तमानात (10:18) सैतान विजेसारखा आकाशातून पडताना पाहिल्याचं येशू म्हणतो. त्याच्या शेजारी यशयाचं वचन ठेवलं की पतित देवदूताची कथा तयार होते. पुढे 1611च्या इंग्रजी बायबलात हा शब्द तसाच ठेवला गेला आणि नाव म्हणून रुळला. नव्या इंग्रजी भाषांतरांत बहुतेक ठिकाणी आता पहाटताराच आढळतो.

मला सर्वांत महत्त्वाचा पुरावा वाटतो तो वेगळाच. जेरोमच्याच बायबलात पेत्राच्या दुसऱ्या पत्रात (1:19) अंतःकरणात उगवणारा पहाटतारा हाही 'लुकिफेर'च आहे, आणि तिथे अर्थ पूर्णपणे मंगल आहे. ईस्टरच्या आदल्या रात्री गायल्या जाणाऱ्या लॅटिन स्तोत्रात कधीही न मावळणारा 'लुकिफेर' म्हणजे खुद्द ख्रिस्त. चौथ्या शतकात सार्डिनिया बेटावरच्या काग्लियारीच्या बिशपचं नावही लुकिफेर होतं. शब्दाला सैतानी वास असता, तर हे घडलं नसतं. डच भाषेत तर आजही आगकाडीला 'लुसिफर' म्हणतात.

'सैतान' शब्दाचं कूळ निराळं. हिब्रू 'सातान' म्हणजे विरोधक, आरोप ठेवणारा. मराठीत तो अरबी-फारसीच्या वाटेने आला. म्हणून बायबलमधल्या पात्राबद्दल लिहिताना 'सैतान' वापरावं, आणि पतनापूर्वीच्या तेजस्वी देवदूताची नंतरची परंपरा सांगायची असेल तेव्हा 'ल्युसिफर'.