हवामानाच्या नोंदी सगळ्यांना मोफत मिळाव्यात का?

मृगधारा: पाऊस, तापमान, आर्द्रतेच्या रोजच्या नोंदी बहुतेक ठिकाणी जनतेच्या पैशातूनच होतात. मग त्या मागताना अर्ज, शुल्क आणि वाट बघणं कशासाठी? लँडसॅट या अमेरिकी उपग्रहमालिकेची चित्रं विकत होती तेव्हा भरभराटीच्या वर्षीही २५ हजारांच्या आसपासच खपायची. २००८ मध्ये ती मोफत झाली आणि वापर लाखांत गेला. पीकक्षेत्र मोजणं, दुष्काळावर लक्ष ठेवणं कितीतरी जणांच्या आवाक्यात आलं. हवामान केंद्रांच्या नोंदीही अशाच ऑनलाइन खुल्या व्हाव्यात.

गंगाजळी: साफ असहमत. उपग्रह एक, पर्जन्यमापक हजारो. नरसाळ्यात पालापाचोळा अडकला तर पाऊस कमी भरतो, म्हणून तिथे नियमित माणूस जावा लागतो. शुल्क बंद झालं आणि अनुदान वाढलं नाही, तर आधी देखभाल सुटेल, मग केंद्र. मोफत मिळेल ते काय, चुकीचे आकडे? जागतिक हवामान संघटनेनं १९९५ च्या ठरावात काही डेटावर अटी घालायची मुभा ठेवली, ती उगाच नाही.

मृगधारा: त्याच संघटनेनं २०२१ मध्ये नवं धोरण आणलं. गाभ्याचा डेटा मोफत आणि विनाअट, हे त्यात स्पष्ट आहे.

शिवार: मोफत डेटा आजही आहे हो! युरोपचा ईआरए५ घ्या, निरीक्षणं आणि संगणकी प्रारूप जुळवून केलेला हवामानाचा डेटा, १९४० पासून तासातासाचा. पण त्याची एक चौकट, म्हणजे ज्या तुकड्यासाठी एकच आकडा मिळतो तो, साधारण ३१ किमीची. डोंगरमाथा आणि पायथा एकाच चौकटीत आले तर मिळते सरासरी, त्यावर फवारणी ठरवू नये. शिवाय त्याची नेटसीडीएफ प्रकारची फाइल एक्सेलमध्ये सरळ उघडत नाही. याउलट नासाच्या ‘पॉवर’ या हवामान डेटाच्या संकेतस्थळावर अक्षांश-रेखांश टाका, एक्सेलमध्ये उघडणारी सीएसव्ही फाइल हातात. तिथेही चौकट मोठीच, पण निदान शेतकरी गटातलं कुणीही ते उघडू शकतं.

गंगाजळी: म्हणजे माझाच मुद्दा. असली सरासरी दाखवून उद्या पीकविम्याचे दावे फेटाळले जातील.

मृगधारा: म्हणून तर केंद्राची मूळ नोंद खुली हवी! दावा कुठल्या आकड्यावर फेटाळला, हे शेतकऱ्याला स्वतः पडताळता आलं पाहिजे. सोबत केंद्राची जागा कधी हलली, उपकरण कधी बदललं, तेही द्यावं. नाहीतर जागा बदलल्यामुळे वाढलेलं तापमान संशोधक हवामानबदलाच्या खात्यात टाकतील.

गंगाजळी: विम्याचं पटलं. पण देखभालीची तरतूद अर्थसंकल्पात आधी करा, मग शुल्क काढा. हा क्रम उलटा करायला माझा विरोध राहील.