जीफोर्स 310एम: ड्रायव्हर टाकल्यापासून पडदा काळा

गंगाखेडकर:
भावांनो, गंगाखेडला माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. जुन्या लॅपटॉपवर (चित्र दाखवणारी चिप एनव्हिडियाची जीफोर्स 310एम) लिनक्स मिंट 21, म्हणजे विंडोजच्या जागी टाकायची प्रणाली, मस्त चालत होतं. व्हिडिओ अजून बरा चालावा म्हणून एनव्हिडियाचा 340 ड्रायव्हर (चिप चालवणारा प्रोग्राम) टाकला. आता मिंटचं चिन्ह येतं अन् पडदा काळा. पीक विम्याची गर्दी तोंडावर आलीय, काहीतरी सांगा.

लातूरचा_दुरुस्तीवाला:
दादा, चिप गेलेली नाही, घाबरू नका. 340 मालिकेची शेवटची आवृत्ती डिसेंबर 2019 ची. तुमचा कर्नल (लिनक्सचा गाभा) 5.15, त्याच्या बराच नंतरचा. ती जोडी जमणार नाही, नादी लागू नका.

कंट्रोल, ऑल्ट आणि एफ2 एकत्र दाबा. काळ्या पडद्यावर लॉगिन मागेल. आत जाऊन एनव्हिडियाची सगळी पॅकेजं पर्ज करा (मुळासकट काढा), 'एक्सऑर्ग डॉट कॉन्फ' ही पडद्याच्या सेटिंगची फाइल बनली असेल तर तिचं नाव बदला, मग रीबूट. कर्नलमधला नूवो हा एनव्हिडिया चिपसाठीचा मोफत ड्रायव्हर आपोआप चिप ताब्यात घेईल.

लॉगिनच आलं नाही तर ग्रबमध्ये (लॅपटॉप सुरू होताना येणारी यादी) 'ई' दाबून लिनक्सच्या ओळीशेवटी नोमोडसेट (nomodeset) लिहा. पण ते तेवढ्यापुरतंच! कायम ठेवलं तर नूवो चालत नाही, सगळा भार प्रोसेसरवर पडतो.

जालन्याची_ताई:
माझ्याकडंही हीच चिप आहे. नूवोवर फॉर्म, पीडीएफ, छपाई सगळं निवांत होतं. यूट्यूबची क्वालिटी मात्र 480 वरच ठेवा.

गंगाखेडकर:
एफ2 नं लॉगिन आलं, पॅकेजं काढली, डेस्कटॉप उघडला! लई उपकार झाले राव.