वरचे केस वाढवून टाळू झाकण्याबद्दल

वरचे केस लांब ठेवले की टक्कल झाकलं जातं, असं या चर्चेत दोघांनी सुचवलंय. विरळ केसांत नेमकं उलटं होतं. लांब केस वजनाने चपटे पडतात, तेल-घामाने त्यांच्या बटा होतात आणि मधली टाळू जास्तच उघडी पडते. फरक दिसतो तो बाजूंमुळे. कानावरचे आणि मागचे केस दाट राहतात, ते वाढले की वरचा भाग आणखी विरळ वाटतो. म्हणून आधी बाजू उतरवायच्या. न्हाव्याला नुसतं 'बारीक करा' म्हणू नका, मशीनच्या कंगव्याचा नंबर सांगा; किती लांब केस उरतील ते त्यावर ठरतं. बहुतेक मशीनवर 1 म्हणजे 3 मिमी, 2 म्हणजे 6, 4 म्हणजे साधारण 13. बाजूंना 2, वर कात्रीने दोन-अडीच सेंटीमीटर, आणि मधला सांधा नीट मिसळून घ्यायचा. भोवऱ्याजवळ टाळू स्पष्ट दिसत असेल तर वरही 2 किंवा 3 फिरवा, बाजूंना 1.

रंगाचा मुद्दा इथे कुणीच काढला नाही. आपल्याकडे टाळू केसांपेक्षा उजळ असते, त्यामुळे गडद काळ्या कलपाखाली ती जास्त उठून दिसते. पिकलेल्या केसांत तो विरोध कमी होतो. शिवाय केस महिन्याला सुमारे 1 सेंटीमीटर वाढतात, म्हणजे पंधरवड्यात मुळाशी अर्धा सेंटीमीटर पांढरी रेघ. कलप सोडायचाच असेल तर तो थांबवून दोन महिन्यांनी 4 नंबर मारा, रंगलेली टोकं जवळजवळ सगळी निघून जातात. आणि इतके बारीक केस ठेवल्यावर उन्हात टोपी हवीच, टाळू भाजते.