मदत हवी आहे: वणव्यात जळालेला माळ नांगरू की तसाच ठेवू?

मुरमाड

नमस्कार मंडळी. पुरंदर तालुक्यात आमचा चार एकर माळ आहे. खाली मुरूम, वर जेमतेम वीतभर माती. सातबाऱ्यावर पोटखराबा (लागवडीला नालायक), पण आजोबा त्याला कुरणच म्हणायचे. गवतं म्हणजे शेडा, डोंगरी, ओघळीच्या कडेने मारवेल, मधेमधे कुसळं.

२०२३ ला पावसाने दगा दिला (तालुका दुष्काळी जाहीर झाला होता), तेव्हा गवत गुडघ्यालाही लागलं नाही. त्यातून कसंबसं सावरत होतं, तोवर यंदा मार्चमध्ये कुणीतरी पेटवलेला बांध वाऱ्याने आमच्याकडे आला. तासाभरात सगळं काळं ठिक्कर.

चुलते म्हणतात, नांगरून घे आणि नवं बी टाक. बियाणं विकणारे एक गृहस्थ त्यांच्या बाजूने बोलायला तयारच आहेत. मी काल कुदळीने गवताचा एक ठोंब (झुबका) उकरला. जळक्या काड्यांच्या बुडाशी, मातीत, मोहरीएवढे पांढरट टोकदार उंचवटे दिसले. हे कोंब जिवंत आहेत हे कसं ओळखायचं? आणि अवकाळी पावसाने सगळे एकदम फुटले आणि मग ऊन पडलं, तर खेळ खलास का?

खालच्या वावरात हरळीने वीस वर्षं छळलंय. उन्हाळ्यात दोनदा नांगरून तापवली तरी गणपतीला दुर्वा पुरून उरतात. वरचं गवतही तसंच चिवट असेल असं धरून चालू का?

आडसाली

मुरमाडभाऊ, कधी खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा घेतलेलं पीक) ठेवलाय का? ऊसही गवतच. तोडणीनंतर बुडखे जमिनीलगत छाटतो ते कशासाठी? वरच्या कांड्यांवरचे डोळे (कोंब फुटायच्या जागा) फुटण्याऐवजी मातीतले फुटावेत म्हणून. मातीतल्या डोळ्याचा फुटवा स्वतःची मुळं धरतो आणि जोमाने येतो. तुमच्या शेड्याचं तेच, फक्त डोळा मोहरीएवढा. नांगर घातलात की खोडवाच मोडलात.

हरळीचा हिशोब मात्र इथे लावू नका. ती पेरं टाकत जमिनीखालून धावते. तुकडे केले तर प्रत्येक पेराला डोळा असतो, ओल मिळाली की एकाच्या दहा. शेडा ठोंबाने राहतो, त्याचे डोळे सगळे बुडाशी एका जागी. ठोंब उलटा पडून उन्हात वाळला की कारभार आटोपला. मग त्या जागी बियांवर जगणारी कुसळं येतात, मेंढीच्या तोंडाला टोचणारी.

मॅनहॅटनकर

(मॅनहॅटन म्हणजे कॅन्सासमधलं. न्यूयॉर्कचं समजून पुण्यातले नातेवाईक अजून फसतात.)

आमच्या गावाशेजारी कोन्झा प्रेअरी आहे, सुमारे साडेतीन हजार हेक्टर गवताळ रान. खडकाळ असल्यामुळे इथल्या बहुतेक रानाला नांगर कधी लागलाच नाही. तुमच्या मुरमासारखंच. गेली कित्येक दशकं रानाचे वेगवेगळे तुकडे मुद्दाम दर वर्षी, दोन, चार किंवा वीस वर्षांनी जाळून अभ्यास चालतो. २००६ साली इथल्याच संशोधकांनी मोजलं, तर जमिनीवर येणाऱ्या फुटव्यांपैकी ९९ टक्क्यांहून जास्त जमिनीखालच्या डोळ्यांतून आलेले निघाले. बियांचा वाटा नावापुरता. दर वर्षी वसंतात जाळलेल्या तुकड्यांत गवताचे डोळे न जाळलेल्यांपेक्षा जास्तच सापडतात. वाऱ्यावर पळणारी आग वरवर भडकते, दोन-तीन सेंटिमीटर खाली मातीला तिची झळ फारशी लागत नाही. एखादा ओंडका किंवा शेणाचा ढीग तासन्तास धुमसला असेल, तिथले ठोंब मात्र गेलेच समजा.

पण म्हणून दर वर्षी काडी लावू नका! इथे वर्षाला ८३५ मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. कोरड्या प्रदेशाकडे सरकावं तशी डोळ्यांची शिल्लक कमी होत जाते, आणि मग पुढे चांगला पाऊस झाला तरी त्याचा फायदा घ्यायला पुरेसे कोंबच नसतात. दुष्काळानंतर तुमची भीती आगीपेक्षा या रिकाम्या खात्याची असायला हवी.

अवकाळीबद्दल: ठोंबातले सगळे डोळे सहसा एकदम फुटत नाहीत, काही झोपूनच राहतात. एका फसव्या पावसाने माळ मरत नाही. अशी फसवणूक वारंवार झाली तर मुळातला साठा आटतो.

जिवंत ओळखायचा तर नखाने आवरण सोला. आत पांढरा, टणक, ओलसर असेल तर जिवंत. तपकिरी, पोकळ, कागदासारखा असेल तर मेलेला. प्रयोगशाळेत टेट्राझोलियम या रसायनाच्या द्रावणात ठेवतात, जिवंत भाग लाल होतो. घरी कुंडी पुरे. माळाच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतले दहा-बारा ठोंब लावा, ओल ठेवा आणि दोन आठवडे थांबा.

मुरमाड

कुंड्यांचा निकाल आलाय. बारापैकी आठ ठोंब फुटले. मेलेल्या चारांपैकी तीन जुन्या गोठ्याच्या बाजूचे, तिथे शेणाचा ढीग रात्रभर धुमसत होता. चुलत्यांना कुंड्या दाखवल्या. खोडव्याचं ऐकल्यावर जरा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "मग आजवर सांगितलं का नाहीस?" जणू मला ठाऊक होतं.

आता एकच अडचण. मृगाच्या आसपास कोकणातून मेंढ्यांचे कळप परततात आणि आमच्या माळावर बसतात. वाडवडिलांपासूनचा संबंध आहे, नाही म्हणवत नाही. मेंढ्या बसू द्याव्यात का?

आडसाली

लेंड्या घ्या, चराई टाळा. पहिला कोंब बुडख्यातल्या शिदोरीवर येतो. पानं मोठी झाल्यावरच तो ती शिदोरी परत भरतो. त्याआधी खुडला की ठोंब पुन्हा उधारीवर फुटतो. यंदा गवत फुलोऱ्यावर येऊन बी पडेपर्यंत निदान वरचे तीन एकर बंद ठेवा. मेंढरं खालच्या वावरात बसवा, पेरणीआधी. खत मिळेल आणि हरळीही थोडी खातील.

गोठ्याकडच्या मेलेल्या पट्ट्यातच तेवढं शेड्याचं बी टाका. शेजारच्या जिवंत माळावरूनच दिवाळीच्या सुमारास गोळा करा, विकत घेऊ नका.

मुरमाड

चालेल. म्होरक्याशी उद्याच फोनवर बोलतो. एक एकर मोकळा ठेवला तर तो ऐकेल असं वाटतंय.