मदत हवी आहे: जबड्याच्या ऑपरेशनला लेक नाही म्हणतेय

नमस्कार. माझी लेक 19 वर्षांची आहे. खालचा जबडा पुढे आलाय, समोरचे दात एकमेकांवर बसतच नाहीत. सफरचंदसुद्धा तिला फोडी करूनच खावं लागतं. ऑर्थोडॉन्टिस्ट म्हणतात, नुसत्या तारांनी दात जुळवून घेता येतील, पण हाड आहे तिथंच राहील. आणि निर्णय आत्ताच हवा, कारण ऑपरेशनआधी दात ज्या दिशेला सरकवतात, त्याच्या नेमकं उलट बिनऑपरेशनच्या उपचारात सरकवावे लागतात.

ती नाही म्हणते. दुखण्याची भीती नाही तिला. खालचा ओठ कायमचा बधिर राहिला तर? आरशात दुसरीच कुणी दिसली तर? शिवाय ऑपरेशनआधी वर्ष-दीड वर्ष तारा, आणि त्या काळात जबडा आणखीच पुढे दिसणार. कॉलेजात जाणाऱ्या मुलीला हे सोपं नाही. सासूबाईंचं वेगळंच, 'चांगला चेहरा कशाला कापायचा?' विमा कंपनीनेही सौंदर्योपचार म्हणून हात वर केलेत.

मला जबरदस्ती करायची नाही. पण ती घाबरून नाही म्हणतेय की विचार करून, तेच उमगत नाही. तुमच्यापैकी कुणी ऑपरेशन नाकारलंय का? आता काय वाटतं? ज्यांनी केलं, त्यांच्या ओठाची जाणीव कधी परतली? कृपया मोकळेपणाने सांगा, उत्तरं तिलाही वाचायला देणार आहे.